डाव्या वाडग्यातला खडा

डोंगराच्या पोटात एका ओळीत तीन लेणी आहेत. पहिल्यात दगडी स्तूप, तिसऱ्यात चार दिशांना चार तोंडं करून बसलेली तीर्थंकरांची मूर्ती आणि मधल्यात महादेवाचा गाभारा. तिन्हींकडे येणारी माणसं वेगळी, हात जोडायची रीत वेगळी, एकमेकांविषयीच्या तक्रारीही वेगळ्या. पण फिरतात सगळी एकाच बाजूनं, पूजेची वस्तू उजव्या हाताला ठेवून. एवढ्या एका गोष्टीवरून तिघांचं कधी वाजलेलं नाही.

स्तूपाभोवती किंवा त्या चौमुखी मूर्तीभोवती फिरणारा माणूस सगळा वेळ डोळ्यांसमोर असतो. मधल्या लेण्याचं तसं नाही. तिथे गाभाऱ्याच्या भोवतीनं डोंगर पोखरून बोगद्यासारखी वाट काढलेली आहे. डावीकडच्या दारानं आत शिरायचं, अंधारातून गाभाऱ्याच्या पाठीमागून वळसा घालायचा आणि उजवीकडच्या दारानं बाहेर यायचं. रुंदी जेमतेम एक माणूस जाईल एवढी. भिंतींवर जुने रंग आहेत, ते उडू नयेत म्हणून आत चारच दिवे, तेही मिणमिणते. फार वर्षांपूर्वी एक बाई आत चक्कर येऊन पडली आणि बाहेरून दारांना कुलपं लागली. सकाळी ती सापडली, जिवंत सापडली, पण पुढे आयुष्यात कधी दार लावून झोपली नाही म्हणतात. तेव्हापासून लेण्यांच्या कार्यालयानं दोन्ही दारांच्या मधोमध एक माणूस बसवला. काम एकच, आत गेलेले आणि बाहेर आलेले मोजायचे.

सव्वीस वर्षं त्या जागी खडेबाई बसत होत्या. मांडीवर खड्यांची पिशवी, पुढ्यात दोन वाडगे. माणूस आत गेला की पिशवीतला एक खडा डाव्या वाडग्यात. बाहेर आला की डाव्यातला खडा उजव्यात. संध्याकाळी डावा वाडगा रिकामा दिसला की कुलपं लावायची. मधे एका साहेबांनी वही घ्या, पेन घ्या, रेघा मारा असं टुमणं लावलं होतं. बाईंनी वही घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. साहेबांची बदली झाली, कप तिथेच राहिला.

काम दिसायला सोपं. तुम्ही-आम्ही अर्ध्या दिवसात घोळ घालू. कोणी अकरा फेऱ्या घालतो, कोणी एका फेरीत दमतो, कोणी दारात उभं राहून "जाऊ की नको" करत मागच्या वीस जणांना खोळंबून ठेवतो. बाई सगळ्यांवर डाफरायच्या. "एकतर आत व्हा, नाहीतर बाजूला व्हा. देव कुठे पळून चाललेला नाही, पण माझा जीव जातोय." माणसांच्या तोंडाकडे त्या फारशा बघायच्याच नाहीत. त्यांना पायांचा आवाज पुरायचा.

नवरा इथलाच पहारेकरी. तो गेल्यावर त्याच्या जागी बाईंना घेतलं. पदरी एक लेक होती, ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. बाई आपल्या एका खोलीत. गेलं वर्षभर ही लेक त्यांच्या मागे लागली होती, आणि ती का लागली होती हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर त्या चिडायच्या.

आधी दूध. दूध कोणाचं उतू जात नाही? पण एका आठवड्यात तीनदा पातेलं जळून काळं झालं. मग खोलीची किल्ली तांदळाच्या डब्यात निघाली. मग जावयाला एकच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगितली, आणि तो बिचारा दुसऱ्यांदाही हसला. त्याचं ते हसणं बाईंना जास्त लागलं. आणि एक गोष्ट तर त्यांनी लेकीला सांगितलीच नव्हती. महिन्यापूर्वी कामावरून परतताना त्या भलत्याच गल्लीत शिरल्या आणि अकरा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या दाराशी जाऊन किल्ली लावू लागल्या. आतून एका अनोळखी बाईनं दार उघडलं. "कोण पाहिजे?" बाईंनी पटकन एक खोटंच नाव सांगितलं, "इथे राहत नाहीत का? बरं, बरं," असं म्हणून काढता पाय घेतला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

लेकीनं शेवटी डॉक्टरची वेळ घेतली. उद्या सकाळी अकराची. आज सकाळी बाई निघताना ती दारात येऊन उभी राहिली होती.

"आई, ते नुसते प्रश्न विचारतात गं. सुया नाहीत, काही नाही."

"मला कोणी प्रश्न विचारायची गरज नाही."

"काल मी फोन केला होता, ते आठवतंय तुला?"

"अगं, सव्वीस वर्षांत माझा एक खडा चुकलेला नाही," बाई म्हणाल्या. "ज्याचं डोकं चळतं त्याला हे जमतं का? ज्या दिवशी खडा चुकेल त्या दिवशी सांग, तू म्हणशील त्या दवाखान्यात येईन. तोवर माझ्या डोक्यावर मिरे वाटू नकोस."

या एका मुद्द्यापुढे लेकीचं काही चालत नसे. बाईही मनातल्या मनात याच एका मुद्द्याला धरून उभ्या होत्या. दूध जळो, किल्ली हरवो, खडे बरोबर आहेत ना, मग मी बरोबर आहे.

आणि त्याच संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना डाव्या वाडग्यात एक खडा उरला.

बाईंनी आधी वाट पाहिली. रेंगाळणारे असतात. उजव्या दाराकडे कान लावून बसल्या. आतून थेंब पडल्यासारखा आवाज यायचा तो येत होता, पाऊल वाजत नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सभामंडपातली शेवटची माणसं पायऱ्या उतरून गेली.

त्यांनी दिवस आठवून पाहायला घेतला. सकाळचं सगळं लख्ख होतं. बाराच्या सुमाराला एक मोठा घोळका आला होता, तोही आठवत होता. पण तीन ते साडेतीन? तिथे नुसता धूर. कोणीतरी पाणी कुठे मिळेल विचारलं होतं, की ते कालचं? खडा टाकताना हातातून दोन पडले असतील का? कोणी बाहेर आला आणि आपण खडा उचललाच नाही, असं झालं असेल का? जितकं आठवायला जावं तितकं पुसट होत होतं.

त्यांच्या लक्षात आलं की हात डाव्या वाडग्याकडे गेला आहे. एका बोटानं तो खडा उचलून उजव्यात टाकला की झालं. कोणाला कळणार होतं? कुलपं लागतील, घरी जाता येईल, उद्या लेकीला ठणकावून सांगता येईल. बोट खड्यावर टेकलंसुद्धा. मग त्यांना ती दार न लावता झोपणारी बाई आठवली आणि त्यांनी हात असा मागे घेतला की वाडगाच कलंडायचा राहिला.

त्यांनी वायरमनला हाक मारली. हा दिवे बंद करायला रोज याच वेळी येतो, चांगला पोरगेला बाप्या आहे, दोन मुलांचा बाप झाला तरी बाईंना मावशी म्हणतो.

"अरे, आत एक माणूस आहे."

"मावशी, आत्ता कोण असणार?"

"एक खडा उरलाय."

त्यानं बॅटरी घेतली, चपला काढल्या, आत गेला. त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या, "कोणी आहे का? कोणी आहे का आत?" दोन मिनिटांत उजव्या दारानं बाहेर आला. मान हलवली. बाई म्हणाल्या, पुन्हा जा. तो पुन्हा गेला. पुन्हा हाका, पुन्हा मान.

तेवढ्यात कार्यालयातले साहेब आले. त्यांना कुलपाची खबर मिळाली नव्हती म्हणून आले होते. सगळं ऐकून घेतलं, स्वतः एकदा वायरमनबरोबर आत जाऊन आले, रुमालानं कपाळ पुसलं.

"बाई, कोणी नाही आत. तीनदा बघून झालं."

"खडा आहे साहेब."

"एखादा जास्त पडला असेल."

"माझा पडत नाही."

साहेबांनी आवाज एकदम मऊ केला. "तुमची लेक परवा येऊन गेली माझ्याकडे. काळजीत आहे ती. म्हणाली, कामावर काही चुका होतात का, लक्ष ठेवा. मी म्हटलं, छे, बाईंची मोजणी म्हणजे काम पक्कं. पण वय होतं, बाई. सगळ्यांचंच होतं."

म्हणजे हेही झालं होतं. परस्पर. बाईंना राग यायला हवा होता, पण रागाला जागाच उरली नव्हती. आत माणूस नसेल तर डोकं गेलं. डोकं ठीक असेल तर आत माणूस आहे, आणि तीनदा हाका मारून ओ देत नाही म्हणजे तो कसा असेल? आणि या दोन्हींच्या मधे उभं राहून खडेबाईंनी मनातून देवाकडे एक मागणं मागितलं. आत कोणीतरी असू दे. पडलेलं असलं तरी असू दे. मागून झाल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. सव्वीस वर्षं माणसं आत राहू नयेत म्हणून बसलेली बाई आज आत माणूस असावं म्हणून हात जोडत होती.

"कुलपं लावून टाकू," साहेब म्हणाले.

"अजून एकदा, साहेब. शेवटचं."

वायरमन बिचारा पुन्हा उठला. आता अक्षरशः त्याच्या नाकी नऊ आले होते. तो डाव्या दाराशी गेला, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, वाकून आत शिरला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. चौथी वेळ. चारही वेळा डावं दार, चारही वेळा उंबऱ्याला नमस्कार. साहेबही तसेच गेले होते, बूट काढून, डाव्या दारानं.

तो बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "अरे, तू माणूस शोधायला गेला होतास की प्रदक्षिणा घालायला?"

"म्हणजे?"

"सगळे एकाच बाजूनं जाताय. झाडणाराही त्याच बाजूनं झाडतो. उलटं कोण गेलंय कधी?"

साहेब आणि वायरमन एकमेकांकडे बघू लागले. उलटं? उलट्या बाजूनं जाता येतं हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिथे पाटी नाही, नियम नाही, अडवायला कोणी नाही. तरी साहेबांचा चेहरा असा झाला की जणू बाईंनी गाभाऱ्यात चपला घालून जायची परवानगी मागितली.

"दे ती बॅटरी," बाई म्हणाल्या. "पाप लागायचं तर मला लागू दे. माझा खडा आहे."

उजव्या दारानं आत शिरताना पाय खरोखर अडखळले. आपला रोजचा जिना कोणी उलटा बसवून ठेवावा तसं झालं. गाभाऱ्याची भिंत डाव्या खांद्याला घासत होती आणि ते खांद्याला आवडत नव्हतं. "चुकलं असेल तर बघून घे, पण आत्ता अडवू नकोस," असं देवाला दटावत बाई पुढे सरकल्या. पहिला दिवा मागे पडला. वळण आलं. छिन्नीचे घाव रोज डावीकडून उजवीकडे पळताना दिसायचे, ते आता अंगावर येत होते. हाक मारायचं त्यांनी ठरवलं होतं, पण घशातून आवाज निघेना.

आवाज निघाला नाही म्हणूनच ते ऐकू आलं. कोणीतरी अगदी हळू पुटपुटत होतं.

गाभाऱ्याच्या बरोबर पाठीमागे बाहेरच्या भिंतीला दगडाचा एक फुगवटा आहे. रोजच्या बाजूनं येताना तो नुसता फुगवटा दिसतो आणि माणूस अंग चोरून पुढे जातो. या बाजूनं त्याच फुगवट्याच्या कुशीत एक तोंड उघडं होतं, गुडघाभर उंचीवर, तिरकं. कोणे एके काळी खोली कोरायला घेतली असेल आणि अर्ध्यात सोडली असेल. वाटेत गोंधळून मागे फिरलेल्या माणसालाच ते दिसावं. बॅटरीचा झोत आत गेला तर पाय पोटाशी घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. स्वच्छ सदरा, खिशाला पेन.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," ते म्हणत होते. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या तिथेच भिंतीला टेकल्या. खडा बरोबर होता. डोकं शाबूत होतं. माणूस जिवंत होता. तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्यावर माणसाला आधी रडू येतं, तसं त्यांना आलं.

"अहो बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाही का आल्या?"

"आल्या की," ते अदबीनं म्हणाले. "कोणाला तरी शोधत होते. मी म्हटलं, आपण मधे मधे नको करायला. सापडला का तो?"

बाईंनी बॅटरी जरा खाली केली.

"कोण?"

"हरवलाय ना कोणीतरी. मला वाईट वाटत होतं. अंधारात बिचारा." मग त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "तुमच्यातला आहे का?"

बाईंनी हात पुढे केला. त्यांनी तो निमूटपणे धरला आणि दोघं आल्या बाजूनंच, उलटेच, बाहेर आले.

पुढचं सगळं लगबगीत झालं. साहेबांनी खुर्ची दिली, वायरमननं पाणी आणलं, तिकीटघरातून चार ठिकाणी फोन गेले. "मानलं बाई तुम्हाला," असं साहेब तीनदा म्हणाले, आणि हेही म्हणाले की मघाचं मनावर घेऊ नका. मग विचारलं, हे कोणाबरोबर आले होते, काही आठवतं? बाईंनी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिलं. पांढऱ्या भुवया, हनुवटीवर जुन्या जखमेचा वण. हे तोंड आपल्यासमोरून गेलं असणारच. पण आपण ते पाहून विसरलो, की पाहिलंच नव्हतं? त्यांना सांगता येईना.

अर्ध्या तासानं पन्नाशीचा एक माणूस धापा टाकत पायऱ्या चढून आला. तो मुलगा. नातेवाइकांच्या दोन गाड्या होत्या. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं बाबा दुसरीत आहेत, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. वाटेत चहाला थांबले तेव्हा कळलं. तो वडिलांसमोर गुडघ्यावर बसला. "बाबा," एवढंच म्हणाला. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे ओळखीचं हसून पाहिलं, पण नाव काही घेतलं नाही.

"या बाईंना मदत करा हो," ते त्याला म्हणाले. "यांचं माणूस हरवलंय."

मुलानं मान खाली घातली. खडेबाई जवळच उभ्या होत्या, म्हणून कदाचित, किंवा कोणाला तरी सांगायचंच होतं म्हणून, तो बोलत सुटला. "शाळेत गणित शिकवायचे. चार वर्षांपूर्वी सुरू झालं. डॉक्टरकडे चला म्हटलं की भडकायचे. म्हणायचे, तिसापर्यंतचे पाढे घे, एक चुकला तर येतो. आम्ही घ्यायचो. एकही चुकायचा नाही. आम्हालाही वाटायचं, मग ठीक असतील. तिथेच फसलो." त्यानं नाक पुसलं. "पाढे अजूनही चुकत नाहीत, बाई. माझं नाव चुकतं."

ते दोघं पायऱ्या उतरायला लागले. मुलगा एकेक पायरी मोठ्यानं सांगत होता आणि बाप त्याच्या हाताला धरून उतरत होता. वायरमन कुलपं लावत होता. साहेब कोणालातरी फोनवर सगळी हकिगत रंगवून सांगत होते, त्यात बाईंचं कौतुक होतं. बाई मंडपाच्या बाहेर येऊन पायरीवर टेकल्या. ज्या एका गोष्टीला धरून त्या वर्षभर उभ्या होत्या, ती खरी ठरली होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. ही भीती संध्याकाळच्या भीतीपेक्षा वेगळी होती. हिच्यात धावाधाव नव्हती. ही येऊन शेजारी बसली होती.

त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि लेकीला लावला.

"उद्या किती वाजता म्हणालीस?"

"कुठे?" लेक म्हणाली. मग एकदम सावध होऊन तिनं विचारलं, "आई, खडा चुकला का?"

"नाही गं. बरोबर होता. अगदी बरोबर होता."

"मग?"

बाईंनी आधी विचार केला की काहीतरी ठोकून द्यावं. मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात मी जुन्या घरी गेले होते. किल्ली लावत होते दाराला. तुला सांगितलं नव्हतं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला फार भीती वाटतेय गं."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा, चपला शोधल्याचा आवाज आला.

"मी येते न्यायला. तू एकटी निघू नकोस. आहेस तिथेच थांब, ऐकतेस ना? हलू नकोस."

"बरं," खडेबाई म्हणाल्या.

वायरमन जाताना म्हणाला, मावशी, चला, खालपर्यंत सोडतो. त्यांनी नको म्हणून सांगितलं, लेक येतेय म्हणाल्या. लेकीला यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई त्या पायरीवरच बसून होत्या, एकदाही उठल्या नाहीत.